पन्नास मीटर आणि चार पायऱ्या

(२६ जानेवारी २०२५ रोजी ध्वजवंदनानंतर, सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण. बोलण्याच्या भरात राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मला पाच मिनिटं दिलेली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला पाच मिनिटांत काही सांगता येत नाही हे कमिटीला ठाऊक असायला हवं होतं. तरी प्रयत्न करतो. कॅरम आणि बॅडमिंटनच्या ट्रॉफ्या कुठे पळून जात नाहीत.

गेल्या सप्टेंबरात, गणपती बसायच्या दोन-तीन दिवस आधी, रात्री माझा नातू मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, आबा, हे बघा, आपला माणूस फायनलला आहे. पॅरिसची पॅरालिम्पिक स्पर्धा चालू होती. तिरंदाजीचा अंतिम सामना. आपल्याकडून हरियाणाचा हरविंदर सिंग, समोर पोलंडचा लुकाश चिशेक. सत्तर मीटरवरून बाण मारायचे. हरविंदर ६-० असा सरळ जिंकला. ऑलिम्पिक म्हणा, पॅरालिम्पिक म्हणा, तिरंदाजीतलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. ती तारीख ४ सप्टेंबर २०२४. त्याच दिवशी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं, १६.३२ मीटर.

नातू नाचायला लागला. मला मात्र त्या हरलेल्या पोलिश गड्याचं कौतुक वाटलं. एकही सेट हातात नाही, आणि तरी प्रत्येक वेळी शांतपणे धनुष्य उचलतोय. आम्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना पोलंड तसा परका नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, हजारो माणसं तिथे राहून गेली. आमचे वडील त्यांच्या बायका बाजारात मोडकंतोडकं मराठी बोलायच्या असं सांगायचे.

नातवाने विचारलं, आबा, हे अपंगांचं ऑलिम्पिक सुरू कुणी केलं? मला सांगता येईना. मग मी वाचायला बसलो. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

ते सुरू झालं तिरंदाजीनेच. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन त्याच दिवशी. तिकडे राजेरजवाडे स्टेडियममध्ये बसलेले आणि इकडे स्टोक मँडेव्हिल नावाच्या इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिक, त्यात दोन बायका, चाकाच्या खुर्चीत बसून बाण मारत होते. हे घडवून आणणारे डॉक्टर लुडविग गुटमन. ज्यू माणूस. त्यांचं जन्मगाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. हिटलरच्या तावडीतून १९३९ साली बायकामुलांसह इंग्लंडला निसटले. त्या काळी पाठीचा कणा मोडलेला माणूस म्हणजे गेल्यात जमा. अंथरुणाला खिळायचा, पाठीला जखमा व्हायच्या, मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि थोड्याच दिवसांत संपायचा. गुटमननी सांगितलं, याला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, आणि उठून बसता आलं की हातात काहीतरी द्या. धनुष्य ओढायला पाय लागत नाहीत. खांदे, दंड आणि पाठ लागते, नेमकं तेच बळकट करायचं होतं.

म्हणजे खेळ हे आधी औषध होतं, पदक नंतर आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. नऊ दिवसांपूर्वी, १७ जानेवारीला, राष्ट्रपती भवनात क्रीडा पुरस्कार दिले गेले. त्यात त्या करगणीच्या सचिन खिलारीला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि त्याच दालनात ऐंशी वर्षांच्या एका माणसाला जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव मुरलीकांत राजाराम पेटकर. तेही सांगली जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूरचे.

हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे, कारण गेल्या वर्षी 'चंदू चॅम्पियन' आला. आपल्यातले बरेच जण बघून आले. बघितला असेल तर पडद्यावरचं जरा बाजूला ठेवा, सिनेमावाल्यांना थोडं मीठमसाला घालावाच लागतो. मी आज नुसतं कोरडं सांगतो. आणि आधीच कबूल करतो, पेटकरांना मी भेटलेलो नाही. मी वाळवा तालुक्यातला, इस्लामपूर माझ्या गावापासून सात-आठ मैल. शिवाय ते ज्या टेल्कोत नोकरीला होते त्या टेल्कोच्या दारावरून मी बँकेच्या नोकरीत किती हजार वेळा गेलो असेन. तरी २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळेपर्यंत मला हे नाव ठाऊक नव्हतं. तालुका एक, नोकरीचा रस्ता एक, आणि पत्ता नाही.

लहानपणी पेटकर कुस्ती खेळायचे. आमच्या भागात त्यात नवल नाही. शेजारी कऱ्हाडजवळ गोळेश्वर, तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलेलं, तेव्हापासून प्रत्येक आईला वाटायचं आपलं पोरगं लाल मातीत लोळलं पाहिजे. पुढे पेटकर पोरवयातच सैन्याच्या बॉईज बटालियनमध्ये दाखल झाले, मग ईएमईत, म्हणजे सैन्याची यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात. तिथे कुस्ती सुटली आणि बॉक्सिंग धरलं. १९६४ साली टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळून आले.

आणि पुढच्याच वर्षी युद्ध. १९६५. काश्मीरमध्ये त्यांच्या तळावर हवाई हल्ला झाला. एक आठवण त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. हवालदार मेजर शिट्टी वाजवत होता, आणि काही जवानांना वाटलं चहाची शिट्टी आहे. चहाची! तेवढ्या वेळात वरून गोळ्या. त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक कण्यात जाऊन बसली. त्या गडबडीत सैन्याचीच गाडी अंगावरून गेली. कितीतरी महिने शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले ते मुंबईला, नौदलाच्या अश्विनी इस्पितळात. कमरेखालचा भाग हलत नव्हता.

वय किती? विशी नुकतीच ओलांडलेली.

इथे मला थांबायचं आहे, कारण आपण सगळे इथे एकच शब्द वापरतो, जिद्द. पेपरवाले तोच वापरतात, सिनेमावाले तोच, आणि मघाशी माझी ओळख करून देताना आपल्या सेक्रेटरींनीही तोच वापरला. जिद्द होतीच. पण इस्पितळाच्या खाटेवर पडलेल्या माणसाने जिद्द नेऊन कुठे ठेवायची? मी बँकेचा माणूस, मला जमा-खर्च दिसतो. पेटकरांच्या खात्यावर कुणी काय जमा केलं ते बघू.

पहिली जमा, पाणी. उपचार म्हणून त्यांना पोहायला सोडलं. गुटमनसाहेबांचंच शास्त्र, धनुष्याऐवजी तलाव. म्हणजे कुणीतरी त्यांना उचलून तलावापर्यंत नेत होतं, पाण्यात उतरवत होतं, काठावर उभं राहात होतं. त्या माणसांची नावं कुठल्याच बातमीत नाहीत.

दुसरी जमा, तिकीट. क्रिकेटपटू विजय मर्चंट अपंगांसाठी एक संस्था चालवत. परदेशी स्पर्धांना जायचा खर्च त्यांच्या संस्थेने उचलला. १९६८ साली तेल अवीवला पॅरालिम्पिक झालं, भारत पहिल्यांदाच गेला, आणि पेटकर तिथे टेबल टेनिस खेळले. पहिली फेरी जिंकले. १९७० साली एडिंबराला राष्ट्रकुलातल्या अपंगांच्या स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य, गोळाफेकीत कांस्य.

आणि तिसरी जमा, नोकरी. टाटांनी जखमी जवानांना मदत देऊ केली, तेव्हा पेटकर म्हणाले म्हणे की पैसे नकोत, काम द्या. टेल्कोने काम दिलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. महिन्याच्या महिन्याला पगार. ज्याने सात तारखेला बँकेच्या खिडकीत रांग बघितली आहे त्याला पगार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता हायडेलबर्ग. १९७२ चं ऑलिम्पिक म्युनिकला होतं हे आपल्याला पाठ आहे. मग पॅरालिम्पिक हायडेलबर्गला का? कारण ऐका, आपल्या सोसायटीला आवडेल. म्युनिकमध्ये खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारती ऑलिम्पिक संपल्यावर फ्लॅट म्हणून लोकांना द्यायच्या होत्या. बिल्डिंग रिकामी करून हवी होती! म्हणून अपंग खेळाडूंची व्यवस्था दुसऱ्या गावात. ताबा द्यायची घाई जर्मनीतसुद्धा असते.

त्या हायडेलबर्गला ऑगस्ट १९७२ मध्ये पेटकर पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहले, ३७.३३ सेकंदांत. जागतिक विक्रम. सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलंच पदक, आणि तेच सोन्याचं. मुलांनो, पाय चालत नसताना पोहणं म्हणजे काय ते पुढच्या वेळी तलावात करून बघा. पायांत फ्लोट घट्ट धरा आणि नुसत्या हातांनी या काठावरून त्या काठावर जा. त्यांच्याकडे तर फ्लोटही नव्हता, निर्जीव पाय मागे लोढण्यासारखे पाण्यात ओढले जायचे. ओढणारे खांदे इस्लामपूरच्या तालमीतले आणि बॉक्सिंगच्या रिंगणातले. तेवढ्याच स्पर्धेत भालाफेक आणि खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीतही ते उतरले होते.

वैयक्तिक खेळात ऑलिम्पिकचं सोनं आपल्याला मिळालं अभिनव बिंद्राकडून, २००८ साली. पेटकरांच्या नंतर छत्तीस वर्षांनी.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये मी बावीस वर्षांचा, नुकताच बी.कॉम. झालेला. आमच्या घरात दुष्काळ सोडून दुसरा विषय नव्हता. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. इस्लामपूरच्या पोराने जर्मनीत विक्रम केला, ही बातमी आमच्या गावात पोचली असेल तर मी ऐकली नाही. पुढे १९७६ आणि १९८० च्या पॅरालिम्पिकला तर भारताने संघच पाठवला नाही. १९८२ साली पेटकरांचा अर्जुन पुरस्कारासाठीचा अर्ज नामंजूर झाला. मग तो विषय त्यांनी बंद करून टाकला आणि टेल्कोच्या पाळ्या करत राहिले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पुढचं सोनं थेट २००४ साली, अथेन्सला, देवेंद्र झाझरियाचं.

१९८२ ते २०२५, त्रेचाळीस वर्षं. आमच्याकडे दहा वर्षं व्यवहार झाला नाही की खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेकडे वर्ग होते.

आता थोडं माझं सांगतो. बँकेचं नाव घेणार नाही, शाखेचंही नाही. १९८६-८७ ची गोष्ट. एमआयडीसीच्या भागात माझी शाखा, पहिल्या मजल्यावर. सतरा पायऱ्या, मी मोजलेल्या आहेत. एक तरुण खातेदार होता, लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांत कॅलिपर, काखेत कुबड्या. एका वर्कशॉपमध्ये ड्रिलवर कामाला होता. दर महिन्याला खाली किराणा दुकानाच्या कट्ट्यावर बसायचा, आमचा शिपाई खाली जाऊन त्याची स्लिप आणि पासबुक घ्यायचा, पैसे मोजून त्याच्या हातात द्यायचा. ही व्यवस्था मीच लावून दिली होती. मला तिचा फार अभिमान होता. रीजनल मॅनेजर तपासणीला आले तेव्हा मुद्दाम सांगितलं.

तीन वर्षांनी त्याला स्वतःचं ड्रिल मशीन घ्यायला कर्ज हवं होतं. कागदांवर सही मॅनेजरसमोर करायची असते. मी निरोप दिला, मीच खाली येतो. तो थांबलाच नाही. सतरा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर बसत, मागे सरकत, कुबड्या वर ओढत, तो वर आला. शर्ट घामाने भिजलेला. माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि सगळं बँकेकडे बघत राहिला, काउंटर, कॅशियरचा पिंजरा, भिंतीवरचं कॅलेंडर. मी म्हटलं, अरे, मी येत होतो ना खाली. तर म्हणाला, "साहेब, तीन वर्षं खातं आहे माझं हितं. बँक कशी असती ते बघू तरी म्हटलं."

कर्ज मी मंजूर केलं, त्याने वेळेवर फेडलं. पण शाखा तळमजल्यावर हलवा असा एका ओळीचा प्रस्ताव वर पाठवणं माझ्या हातात होतं, तो मी पाठवला नाही. भाडं वाढलं असतं, आणि शाखेच्या नफ्यात ते दिसलं असतं.

पेटकरांच्या बातम्या वाचताना मला तो मुलगा आठवत राहिला. एकाला लोकांनी उचलून तलावात सोडला म्हणून तो हायडेलबर्गला गेला. दुसऱ्याला मी कट्ट्यावर पैसे नेऊन दिले आणि वर उपकार केल्यासारखा मिरवलो.

आता जे बोलणार आहे ते कमिटीला आधी दाखवलेलं नाही. चेअरमनसाहेब, माफ करा.

आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा मी पन्नास वर्षांचा होतो. ही समोरची पहिली रांग तेव्हा पळत पळत जिने चढायची. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या आहेत. त्या चार पायऱ्यांनी त्या काळी कुणाचं काही अडलं नाही. २०११ च्या वार्षिक सभेत बी विंगच्या एका सभासदाने अर्ज दिला होता. त्यांच्या आईंना पक्षाघात झाला होता. रॅम्प करून द्या, निम्मा खर्च मी देतो, असं त्यांनी लिहिलं होतं. मी तेव्हा खजिनदार. उभा राहून मी सांगितलं की गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी, सिंकिंग फंडाला हात लावता येणार नाही, आणि एका घरासाठी सगळ्या सोसायटीचा पैसा कसा खर्च करणार. आकडे माझ्याजवळ होते, त्यांच्याजवळ नुसता अर्ज होता. ठराव पडला. पुढच्या वर्षी ते फ्लॅट विकून गेले. जाताना त्या आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वॉचमन आणि ड्रायव्हरने खाली उतरवलं. मी गॅलरीतून बघत होतो. त्यांनी वर बघितलं नाही, हे माझं नशीब.

सभेच्या इतिवृत्तात माझी तिन्ही कारणं व्यवस्थित लिहिलेली आहेत. चौथं कारण त्यात नाही. रॅम्प झाला असता तर ज्या एका चारचाकीची जागा जाणार होती, ती माझी होती.

तुम्ही हसताय, हसा. मला हे चौदा वर्षं सांगता आलं नाही.

मी आता थोडा अभ्यास केला आहे. उताराचा नियम सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. आपल्या पायऱ्या प्रत्येकी सहा इंच, चार पायऱ्यांचे दोन फूट. म्हणजे चोवीस फूट रॅम्प. सरळ काढला तर गेटबाहेर जाईल. पण बारा फुटांवर वळवून परत आणला, वळणावर खुर्ची फिरवायला सपाट जागा ठेवली आणि चार फूट रुंदी धरली, तर सोळा बाय आठ फुटांत बसतो. माझी पार्किंगची जागा सोळा बाय आठ आहे. दोन्ही बाजूंना कठडा लागेल. फरशी गुळगुळीत नको, पावसाळ्यात घात होईल. खडबडीत शहाबादी चालेल.

जागा मी सोडतो आहे. तसं पत्र आज सकाळी सेक्रेटरींच्या हातात दिलं आहे. त्या सभासदांनी निम्मा खर्च द्यायची तयारी दाखवली होती, तो निम्मा आता माझा. उरलेल्याचं काय करायचं ते सभेने ठरवावं. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी टेप आणि खडू घेऊन खाली असेन, ज्यांना यायचं त्यांनी या. मुलांनी आलं तर बरं, मला आता वाकून रेघ मारता येत नाही.

गाडी तशीही मी आता चालवत नाही, जावई नेतील. राहता राहिली माझी स्कूटर. ती कुठे लावायची तेवढं कमिटीने सांगावं.